घर गावाला, खोली मुंबईला

लालबाग-परळच्या जुन्या माणसाशी दहा मिनिटं बोलत बसलं, तर उठताना तो एक वाक्य हमखास म्हणतो : ‘चला, खोलीवर जातो.’ ज्या खोलीवर तो निघालेला असतो तिथे त्याची चाळीस-पन्नास वर्षं गेलेली असतात. तिथेच त्याच्या मुलांच्या पाचव्या पुजल्या गेल्या, मुलींची लग्नं ठरली. तरीही ‘घरी जातो’ असं तो म्हणत नाही. ‘घरी गेलो होतो’ हे वाक्य त्याच्या तोंडी येतं ते मे महिन्यानंतर किंवा गणपतीनंतर, आणि तेव्हा त्याच्या मनात संगमेश्वर, लांजा, मालवण, पाटण, जुन्नर यांपैकी एखाद्या तालुक्यातलं गाव असतं. घर गावाला, खोली मुंबईला. ही वाटणी त्याने कधी ठरवून केलेली नाही. ती भाषेनेच केलेली आहे.

ही वाटणी मला प्रथम व्याकरणात दिसली, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मराठीत सप्तमीचा जुना ‘ई’ हा प्रत्यय आता मोजक्याच शब्दांना चिकटून राहिला आहे : घरी, दारी, गावी, माहेरी, सासरी, आजोळी. ही सगळी नात्याची ठिकाणं आहेत. तिथे माणूस नुसता पोहोचत नाही, तिथे त्याला कुणीतरी ओळखतं. याउलट ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय लागतं ते अशा ठिकाणांना, जिथे माणूस कशासाठी तरी जातो आणि काम संपलं की परततो : कामावर, पाळीवर, धक्क्यावर, नाक्यावर, चौकीवर, शेतावर, मळ्यावर. खोली या दुसऱ्या रांगेत बसली. ‘खोलीत’ म्हणजे चार भिंतींच्या आत. ‘खोलीवर’ म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणी, जणू तीही एक पाळीच. हा नियम फार आवळू नये हे मान्य. घाटावरची काही मंडळी ‘गावावर’ही म्हणतात, आणि ‘ठिकाणी’, ‘मुक्कामी’ असे कोरडे शब्दही ‘ई’ घेतात. पण ‘घरी’च्या जोडीला खोलीसाठी तसा शब्द मराठीत घडलाच नाही, ही गोष्ट उरतेच. आणि ही सवय म्हाताऱ्यांबरोबर संपेल असं समजण्याचं कारण नाही. पुण्यात स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारा बीड-परभणीचा मुलगा आज ‘रूमवर जातो’ म्हणतो. शब्द इंग्रजी आला, ‘वर’ मात्र तोच राहिला.

मुंबईत ही भाषा का रुजली, याचं पहिलं उत्तर आकड्यांत आहे. कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, परळ, लालबाग, वरळी, नायगाव हा सलग पट्टा गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. १९२१च्या जनगणनेत शहरातल्या दर शंभर माणसांपैकी ८४ माणसं शहराबाहेर जन्मलेली होती. त्यांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्ग धरायचा. तो वेगळा जिल्हा झाला १९८१ साली. त्याच सुमारास शहरात दर हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे निम्म्याला निम्म्या पुरुषांच्या बायका, आया, बहिणी दुसरीकडे कुठेतरी चूल पेटवत होत्या. बर्नेट-हर्स्ट यांनी १९२५ साली मुंबईच्या कामगारांची मजुरी आणि घरं यांवर पुस्तक लिहिलं. त्यांच्या पाहणीतले सत्त्याण्णव टक्के कामगार एकाच खोलीत राहणारे निघाले.

एक खोली म्हटलं की आज डोळ्यांसमोर एक कुटुंब येतं. तेव्हाचं चित्र तसं नव्हतं. खोली असे ती पुष्कळदा गावाची. अमुक वाडीच्या किंवा गावच्या मंडळाने भाड्याने घेतलेली, पावती एखाद्या जुन्या जाणत्याच्या नावावर, आणि महिन्याची वर्गणी भरणारे दहा, पंधरा, वीस गडी. भिंतीला खुंट्या, खुंट्यांना सदरे, भिंतीकडेला पत्र्याच्या ट्रंका, ट्रंकांवर वळकट्या. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. पावसाळा नसला की निम्मी खोली गॅलरीत, रस्त्यावर, नाहीतर गच्चीवर झोपायची. गावाहून नवा पोरगा आला की तो थेट इथे यायचा. त्याच्या हातात पत्ता असायचा तो चाळीचा आणि खोली नंबरचा. त्याला नोकरीला चिकटवणं, पहिल्या पगारापर्यंत सांभाळणं, आजारी पडला तर गावी पोहोचवणं, मेला तर निरोप नेणं, ही सगळी कामं खोलीची. भजनाचे टाळ-मृदंग, गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी-वही, नमनाचे नाहीतर तमाशाचे मुखवटे-पोशाख हेही खोलीत असत. कोकणातल्या कित्येक शाळा, पाखाड्या, पाणवठे यांचे पैसे अशा खोल्यांतून गेलेले आहेत. गावात या मंडळींना नाव होतं ‘चाकरमानी’. मुंबईत ते गावकरी आणि गावात मुंबईकर.

हे फक्त मराठी कामगारांपुरतं नव्हतं. गिरगावला लागून असलेल्या धोबीतलावच्या परिसरात, जेर महालसारख्या इमारतींतून, गोव्याच्या खलाशांचे आणि नोकरदारांचे गाववार क्लब आजही तग धरून आहेत. तिथेही ट्रंका, तिथेही सामायिक प्रार्थना, तिथेही गावच्या नावाने सभासदत्व. त्या क्लबांना कोंकणी नाव आहे ‘कूड’, आणि कूड म्हणजे खोलीच. धर्म वेगळा, बोली वेगळी, धंदा वेगळा. पण मुंबईतल्या मुक्कामाला नाव देताना दोघांनाही घर हा शब्द वापरावासा वाटला नाही.

घर होतं कशाने, हे यावरून उलट बाजूने कळतं. आपल्याकडे एक चूल म्हणजे एक घर. भाऊ वेगळे झाले हे सांगायला आपण ‘चुली वेगळ्या झाल्या’ म्हणतो. भिंत पडली की नाही हे नंतरचं. गड्यांच्या खोलीत चूल नव्हती. ते जेवत खाणावळीत, आणि खाणावळ म्हणजे बहुतेक वेळा शेजारच्याच चाळीतल्या एखाद्या बाईची खोली. त्या बाईचं स्वतःचं बिऱ्हाड दहा बाय बाराच्या जागेत, आणि त्यात पंधरा-वीस परक्या पुरुषांची दोन वेळची पानं. महिना संपला की पैसे. संप झाला की उधारी. संपाच्या महिन्यांत गिरणगाव तगलं त्याचं बरंचसं श्रेय या उधारीच्या वह्यांना आहे, पण कामगार चळवळीच्या इतिहासांत या बायका जेमतेम एखाद्या परिच्छेदात येतात. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यानंतर त्यांना बँकेचं कर्ज आणि संघटनेचं नाव मिळालं. एरवी कामगाराच्या बोलण्यात खाणावळवाली ही ‘मावशी’ असे, आणि तिची खोली ही त्याच्या मुंबईतल्या आयुष्यातली घराला सर्वांत जवळची गोष्ट.

बायको गावी असणं ही तात्पुरती अडचण मानली जात नव्हती, ती रीतच होती. अण्णाभाऊ साठ्यांच्या प्रसिद्ध छक्कडीतली मैना गावी राहिलेली आहे आणि तिचा धनी मुंबईत आहे. ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली, कारण त्या सभांना बसलेल्या हजारोंच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं. ‘घरात विचारून सांगतो’ म्हणजे बायकोला विचारून सांगतो, हा मराठीचा जुना संकेत. मग जिथे ती नाही तिथे घर कसं म्हणायचं? गिरणगावात तर बायकोला ‘फॅमिली’ म्हणायची पद्धत होती. ‘फॅमिली गावाला असते’, ‘औंदा फॅमिली आणली’ अशी वाक्यं मी लहानपणी परळला चाळीच्या जिन्यात बसून ऐकलेली आहेत. फॅमिली म्हणजे एकच व्यक्ती, हे मला तेव्हा विचित्र वाटत नसे.

आता तिथून दोन-तीन मैल दक्षिणेला गिरगावात, किंवा थोडं उत्तरेला दादरला जाऊ. इथला शब्द वेगळा : बिऱ्हाड. कचेरीत, शाळेत, पेढीवर काम करणारा माणूस मुंबईत आला की आधी नातेवाइकाकडे राहायचा, मग ‘बिऱ्हाड करायचा’. बिऱ्हाड करणं म्हणजे बायकोला आणणं, भांडीकुंडी मांडणं, चूल आणि देव यांना कोपरे नेमून देणं. शब्दाचं दुसरं रूप बिढार. भालचंद्र नेमाड्यांच्या १९७५च्या कादंबरीमुळे ते आपल्याला ओळखीचं आहे. कन्नडमध्ये ‘बिडार’ म्हणजे मुक्काम, तळ. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ या म्हणीत तोच हललेला, उचलता येण्याजोगा संसार आहे. म्हणजे बिऱ्हाडसुद्धा मुळात घर नव्हे. पण त्यात बाई आहे, चूल आहे, आणि म्हणून जुन्या मराठीत ‘बिऱ्हाडी गेले’ असं म्हणता येत होतं. व्याकरणाने बिऱ्हाडाला खोलीपेक्षा एक पायरी वर ठेवलं होतं.

फरक आणखी एका ठिकाणी दिसतो. गिरगावातला माणूस म्हणे, ‘दोन खोल्यांचं बिऱ्हाड आहे.’ त्याच्या लेखी खोली हा घराचा भाग. एक बाहेरची, एक स्वयंपाकाची. लालबागचा माणूस म्हणे, ‘दहा बाय बाराची खोली आहे.’ त्याच्या लेखी खोली हेच सगळं, मोरी आणि माळ्यासकट. पहिल्याच्या चाळीत बिऱ्हाडं मोजत, दुसऱ्याच्या चाळीत खोल्या. मुंबईच्या मराठी माणसाबद्दल लिहिताना आपण या दोघांना सर्रास एका चाळीत कोंबतो आणि गॅलरीतल्या गमतीजमतींवर भागवतो. त्यांच्या चाळींचं लाकूड एकच असेल. पण पगार, जात आणि पाळी एक नव्हती.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी भाडी भडकली तेव्हा, १९१८ साली, मुंबईत भाडं रोखणारा पहिला कायदा आला. सरकारने स्वतः चाळी बांधायला घेतल्या त्याही त्यानंतर लगेच. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आताचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी इथे मिळून दोनशे सात इमारती उभ्या केल्या. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. पण आपल्या शब्दाच्या दृष्टीने मोठा बदल झाला तो १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने. या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० या दिवशीच्या पातळीला गोठवली आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नाही असं संरक्षण दिलं. भाडं जागेवर थांबलं आणि शहर वाढत राहिलं. जी खोली काल भाड्याची होती तिला आता किंमत आली, आणि तिच्यासाठी एक नवा शब्द सर्वांच्या तोंडी बसला : जागा.

‘जागा’ हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. तो गिरगावात चालला, दादरला चालला, लालबागलाही चालला. खोली आणि बिऱ्हाड यांतली दरी त्याने बुजवली. त्यात चूल नाही, बाई नाही, भिंतीसुद्धा नाहीत. आहे तो फक्त हक्क. ‘मुंबईत जागा आहे’ याचा अर्थ मालकी आहे असा नव्हता. अर्थ एवढाच, की पावती आमच्या नावावर आहे. मालकाला जागा विकायची झाली तर इमारत विकता येई, पण आतला माणूस हलत नसे. भाडेकरूला सोडायची झाली तर तो पागडी घेई : नवा माणूस जुन्याला एकरकमी पैसे देणार, मालक त्यातला हिस्सा, बहुधा तिसरा, घेऊन पावती नव्या नावावर करून देणार. हा व्यवहार बेकायदेशीर होता आणि घरोघरी चालत होता. पावतीवरच्या नावासाठी दिलेल्या पैशाची पावती कुणालाच मिळत नसे. पागडीला कायद्याची मान्यता मिळाली ती थेट महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ने. तो अमलात आला ३१ मार्च २००० रोजी.

या कायद्यातलं एक कलम मला मराठी कुटुंबाच्या इतिहासासाठी पुष्कळ कादंबऱ्यांहून मोलाचं वाटतं. भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहत असलेला कुटुंबीय पुढे भाडेकरू होतो. ‘सोबत राहत असलेला’ या शब्दांवर सगळी मदार. गावी राहणारी बायको सोबत नव्हती. मुंबईत ठेवून घेतलेला पुतण्या सोबत होता. म्हणून रेशनकार्डावर कुणाचं नाव आहे याला महत्त्व आलं. साखर आणि रॉकेलसाठी काढलेलं कार्ड जागेचा पुरावा झालं. गावाहून एखाद्या मुलाला शिकायला आणायचं ते त्याच्या शिक्षणासाठीही आणि जागेवर माणूस हवा म्हणूनही. म्हातारा गावी जाऊन राहिला तर ‘खोली बंद ठेवू नका’ असा निरोप जायचा; कुणीतरी भाचा, चुलतभाऊ, गाववाला तिथे झोपायला जायचा. पुढे तोच हलेना, आणि तिथून भावकीतलं मुंबईचं भांडण सुरू व्हायचं. कोकणात जमिनीच्या वाटण्यांवरून कोर्टकचेऱ्या झाल्या तितक्याच मुंबईच्या दहा बाय बारावरूनही झाल्या. भाड्याच्या पावत्यांवर बायकांची नावं येत ती बहुधा नवरा गेल्यावर, आणि तीही मुलगा लहान असेल तर.

परक्यांना ठेवण्याची भीतीही कायद्यानेच घातली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक म्हणून राहत होते त्यांना दुरुस्तीने भाडेकरूचं संरक्षण दिलं. त्यानंतर पोटभाडेकरू ठेवायला लोक कचरू लागले आणि अकरा महिन्यांच्या कराराची आजची रीत पक्की झाली. अकरा महिन्यांच्या जागेला अजूनही कुणी घर म्हणत नाही. ‘भाड्याने राहतो’ म्हणतो आणि विषय बदलतो.

आता लग्नाकडे वळायला हरकत नाही, कारण ‘जागा’ हा शब्द सर्वांत जास्त वापरला गेला तो तिथेच. ‘मुलाला मुंबईत जागा आहे का?’ हा मुलीच्या बापाचा पहिला प्रश्न, पगाराचा दुसरा. ‘मुंबईत स्वतःची जागा’ हे शब्द वधूवरांच्या जाहिरातींत पदवीच्या शेजारी छापले जात. मात्र जागा आहे म्हणजे नव्या जोडप्याला ती आहे असं नव्हे. एका खोलीत आईवडील, धाकटे दीर, लग्नाची नणंद, आणि एखादा गाववाला. मग जोडप्याला खोली मोकळी करून देण्याचा अलिखित रिवाज होता : दीर गच्चीवर किंवा मंडळाच्या खोलीत, सासरे गॅलरीत, सासूबाईंना नेमकं शेजारणीकडे बसायचं काम. याबद्दल कुणी बोलत नसे आणि सगळ्यांना ठाऊक असे. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ (१९७०) हा चित्रपट याच अडचणीवर उभा आहे. दोन वर्षांनी बासू चटर्जींनी त्याचा हिंदी अवतार केला, त्याचं नाव ‘पिया का घर’. मराठी नावात मुंबई आहे, हिंदी नावात घर आहे. नाव बदलताना निर्मात्यांच्या मनात काय होतं ते असो, मला त्यात गंमत वाटते.

लग्नपत्रिकांकडेही जरा पाहावं. लालबाग-परळच्या पत्रिकेत वराच्या वडिलांच्या नावाखाली आधी मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा येतो, आणि मग ‘सध्या राहणार’ असं म्हणून चाळीचं नाव. सरकारी कागदावर याचंच ‘ह. मु.’ होतं, हल्ली मुक्काम. हे ‘सध्या’ आणि हे ‘हल्ली’ एकेका कुटुंबात तीन पिढ्या टिकलं. तिसऱ्या पिढीतल्या, परळच्याच प्रसूतिगृहात जन्मलेल्या मुलाला शाळेच्या फॉर्मवर मूळ गाव लिहावं लागतं आणि ओळख करून घेणारा प्रत्येक जण विचारतो, ‘गाव कुठलं तुमचं?’ ‘परळ’ हे त्याचं उत्तर धरलंच जात नाही.

देवांनीही हीच वाटणी पाळली. कोकणात घराचा गणपती एक, आणि तो बसणार मूळ घरी. भाऊ कितीही असोत, मुंबईत कितीही खोल्या असोत. म्हणून चाकरमान्याला गणपतीला जावंच लागतं. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने, मग लाल डब्याच्या एसटीने, १९९८पासून कोकण रेल्वेने. (घाटावरच्या मंडळींचं जाणं वेगळ्या महिन्यांत, गावच्या जत्रेला.) मुंबईच्या खोलीत स्वतंत्र गणपती आणणं ही साधी गोष्ट नव्हती. त्याचा अर्थ भावाभावांत चूल फुटली, किंवा गावचं घर मिटलं, असा लावला जाई. रजा न मिळालेला माणूस मग जाई चाळीच्या, गल्लीच्या गणपतीला. सार्वजनिक गणेशोत्सव गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सुरू झाला, त्यामागे टिळकांचं राजकारण होतं हे आपण शाळेपासून वाचतो. पण गिरणगावात तो पुढे इतका फोफावला, गणेशगल्लीत १९२८ला, लालबागच्या बाजारात १९३४ला, याचं एक कारण मला या वाटणीत दिसतं. ज्यांच्या खोलीला देव बसवण्याचा मान नव्हता त्यांनी तो रस्त्यावर बसवला. हा माझा तर्क आहे. पटला तर घ्यावा.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पहिल्या काही महिन्यांत हजारो कामगार गावी परतले, आणि इथे ‘घर गावाला’ या शब्दांचा खरा कस लागला. ज्या शेतावर भावाचं पोट जेमतेम भरत होतं तिथे सहा माणसांचं कुटुंब जाऊन उतरलं. तीस वर्षं मनीऑर्डर पाठवणारा माणूस पहिल्यांदाच त्या घरात खाणारं तोंड म्हणून बसला. काहींनी मुंबईची खोली पागडीवर देऊन टाकली आणि ते पैसे वर्ष-दोन वर्षांत संपले. काहींनी उपाशी राहून खोली धरून ठेवली, कारण मुलांचं पुढे काय होणार ते त्यांना दिसत होतं. पुढे ज्यांच्याकडे खोली उरली त्यांची मुलं मुंबईत राहिली, आणि ज्यांच्याकडे फक्त घर उरलं त्यांची गावीच अडकली. कुणाचा निर्णय बरोबर होता हे आज सांगणं सोपं आहे.

गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या होऊ लागल्या तेव्हा १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने त्या जमिनीचे तीन वाटे ठरवले : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि सार्वजनिक हिस्सा आटला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती उचलून धरली. जे उरलं त्यातून गिरणी कामगारांना द्यायचं ठरलं, आणि आंदोलनाच्या फलकांवर, निवेदनांवर, मोर्चाच्या घोषणांत शब्द आला ‘घर’. ज्या माणसांनी शंभर वर्षं मुंबईतल्या आपल्या मुक्कामाला घर म्हटलं नाही, त्यांनी काम गेल्यावर मुंबईकडे घर मागितलं. मला हा या सगळ्या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा शब्दबदल वाटतो. खोली मागता आली असती, जागा मागता आली असती. पण खोली कामाबरोबर येते आणि जागा पावतीबरोबर. यांच्याकडे आता दोन्ही नव्हतं. उरला होता तो या शहरावरचा दावा, आणि तो सांगायला दुसरा शब्द मराठीत नाही.

म्हाडाने २८ जून २०१२ रोजी ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्ज दीड लाखांच्या घरात होते. घराचं क्षेत्रफळ २२५ चौरस फूट. बीडीडी चाळीच्या खोलीला गॅलरी आणि मोरी जोडली तर साधारण एवढंच होतं. कागदोपत्री त्याला नाव ‘सदनिका’, घेणाऱ्याला ‘गाळेधारक’. बोलताना हे शब्द कुणी वापरत नाही. पुढच्या सोडती २०१६ला पनवेलजवळच्या कोनसाठी आणि २०२०ला बॉम्बे डाईंग व श्रीनिवास मिलच्या जमिनीवरच्या ३,८९४ घरांसाठी निघाल्या. तोवर अर्जदारांमधले पुष्कळ जण वारले आणि अर्जावर वारसांची नावं चढली. तो वारस बहुधा गावी राहतो; म्हणजे पुन्हा ‘घर गावाला’. तिकडे बीडीडी चाळींत वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये नव्या इमारतींच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांतून पाचशे फुटांत. त्यांना निदान पत्ता बदलावा लागला नाही.

त्याच्या आदल्याच महिन्यात, ९ जुलै २०२५ला, गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले होते. सरकारने उरलेल्यांसाठी शेलू आणि वांगणीची घरं पुढे केली होती. दोन्ही स्टेशनं मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर, बदलापूरच्याही पुढे. लालबागहून लोकलने दीड तासाच्या वर. जमलेल्यांत सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं होती, काही जण त्या सभेसाठी रातोरात गावाहून आलेले. शेलूचं घर चांगलं असेल, २२५ फुटांपेक्षा मोठंही असेल. पण मागणी तेवढीच नव्हती. त्यांच्या निवेदनात ‘घर’ या शब्दाच्या आधी एक शब्द होता, तो सरकारी पत्रव्यवहारात दर वेळी गळून पडत होता आणि ते दर वेळी पुन्हा लिहीत होते : ‘मुंबईतच’.